विमान गप्प उभं राहिलं

सुदर्शन पडूळ घरात बोलतो ते शेजारच्या गल्लीत ऐकू जातं. त्याची बायको रत्नमाला म्हणते, "भाकर मागतो का भांडतो, तेच कळत नाय, बाई." लाडसावंगीच्या शाळेत मी त्याला शिकवायचे तेव्हा त्याचा आवाज असा नव्हता. उलट उभं केलं की तोंडातल्या तोंडात बोलायचा. मोठा आवाज त्याला विमानतळानं दिला. डिझेलच्या जनरेटरशेजारी उभं राहून त्याची अर्धी नोकरी गेली आहे.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. विमान येऊन थांबलं की त्याच्या नाकाखालची छोटी झडप उघडायची आणि जनरेटरची जाड केबल जोडायची. त्या विजेवर विमानातले दिवे आणि पायलटसमोरचे पडदे चालतात. केबल नसेल, तर विमान आपल्या शेपटीतलं छोटं इंजिन चालू ठेवतं. प्रवासी उतरतात, सामान निघतं, झाडलोट होते, आणि तितका वेळ जागेवर उभं राहून ते इंधन जाळत असतं. आतला गारवाही त्याच इंजिनावर. म्हणून उन्हाळ्यात केबल जोडली तरी पायलट ते बंद करत नाहीत. म्हणजे जनरेटरचा धूर वेगळा आणि शेपटीचा वेगळा.

हा धूर कमी करायचं विमानतळानं मनावर घेतलं. कुंपणाच्या कडेनं सौर पट्ट्या बसल्या. एका ढगफुटीत पाणी साचलं होतं, त्यानंतर नाले रुंद झाले. दुपारच्या पाळीत माणसं आलटून पालटून सावलीत बसवायला लागले, कारण ऊन यापुढे वाढतच जाणार हे धरूनच त्यांनी सगळं आखलं होतं. आणि या उन्हाळ्यापुरतं, बघू तरी म्हणून, या सौर विजेवर भरणाऱ्या बॅटरीवर चालणारं एक यंत्र आणलं. ते विमानाला वीज देतं आणि एका पिवळ्या, मांडीएवढ्या जाड नळीतून गार हवाही देतं. पायलट ते वापरू लागले तर ठेवायचं, नाहीतर दुसऱ्या शहरी पाठवायचं.

यंत्र आलं त्या संध्याकाळी सुदर्शन माझ्या दारात उभा.

"बाई, ज्या उन्हानं विमान तापतं, त्याच उन्हाच्या विजेनं ते गार करायचं म्हणे. माझं डोकंच चालंना."

खरं सांगायचं तर माझंही चाललं नाही. आम्ही दोघं कितीतरी वेळ त्यावरच बोलत बसलो.

आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातून घोटाळा झाला. भर दुपारची वेळ, कॅप्टन वैदेही यांचं विमान. त्यानं केबल जोडली, नळी लावली, कॅप्टननी विश्वासानं शेपटीतलं इंजिन बंद केलं. सुदर्शननं यंत्रावर तळवा ठेवला. डिझेलवाल्या माणसांची ही सवय: हाताला थरथर लागली म्हणजे चालू. इथे थरथर नव्हती, आवाज नव्हता, आणि उन्हात त्यावरचा हिरवा दिवा दिसत नव्हता. त्याला वाटलं, सुरूच झालं नाही. त्यानं बटण दाबलं. चालू यंत्र बंद झालं आणि प्रवासी आत असताना विमानातले दिवे अन् गारवा दोन्ही गेले.

त्यानं चूक तिथल्या तिथे कबूल केली. वरिष्ठांनी समज दिली, सोबत्यांनी टोमणे. पाळीचा प्रमुख सोमनाथ तर रोज विचारायचा, "काय पडूळ, आज कुठल्या विमानात लोडशेडिंग?" सुदर्शन हसून सोडून द्यायचा. पण पायलटांत ही गोष्ट पसरली आणि एकही जण शेपटीतलं इंजिन बंद करीना. नवं यंत्र ताडपत्रीखाली जाऊन बसलं. सोमनाथनं सांगितलं, "शनिवारी ट्रक येतोय. घेऊन जातील."

"माझ्या एका बोटापायी परत चाललं ते," तो रत्नमालेला म्हणाला. त्याचं जेवण तुटलं.

शुक्रवारी कॅप्टन वैदेही परत आल्या. धावपट्टीवरची हवा पाण्यासारखी हलत होती. सुदर्शननं ताडपत्री काढून यंत्र विमानाजवळ आणलं आणि कानाला हेडफोन लावला. विमानाच्या नाकात त्याची वायर जोडली की खालचा माणूस थेट पायलटशी बोलू शकतो.

"मॅडम, नमस्कार. पडूळ बोलतोय."

"पडूळ म्हणजे, लाईट घालवणारे?"

"व्हय, तोच."

"मग नमस्कार लांबूनच. माझं इंजिन चालू राहू दे."

"मॅडम, तुम्ही कधी विहीर खांदताना बघितली का?"

"पडूळ, मी विमानात बसलेय."

"आयका तर. माझा बाप विहिरीच्या यारीवर होता, म्हंजे दगड वर ओढायच्या यंत्रावर. खाली माणूस दगड भरतो, वर बाप दोर धरून. खालून 'सोड' असा आवाज आल्याबिगर बाप दोराला हात लावत नव्हता. वरच्यानं आपल्या मनानं काही ठरवायचं नाय. मी त्या दिवशी आपल्या मनानं ठरवलं, तिथं चुकलो. आता तुम्ही खाली, मी वर. तुम्ही 'सोड' म्हणाल तवाच बटणाला हात लावीन. तोवर दोन्ही हात पाठीमागं."

"म्हणजे मी विहिरीत?"

"विहीर गार असती, मॅडम."

पलीकडे हसू आलं. मग त्या म्हणाल्या, "आत भट्टी झालीय. जोडा तुमचा दोर."

केबल बसली. पिवळी नळी फुगून ताठ झाली.

"तुमच्याकडं दिवा आला का, मॅडम?"

"आला. आता मागचं बंद करतेय. हात कुठं आहेत?"

"पाठीमागंच."

शेपटीतला कल्लोळ बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि थांबला. सुदर्शन सांगतो, वेरूळला लेण्यात शिरल्यावर बाहेरचं ऊन एकदम तुटतं, तसा आवाज तुटला. जिन्याची चाकं ऐकू आली. एका म्हातारीच्या चपला ऐकू आल्या. पलीकडच्या गवतात टिटवी ओरडत होती. इतक्या वर्षांत तिथे टिटवी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि समोर एवढं प्रचंड विमान, दिव्यांसकट जागं, आतून गार, आणि श्वासाइतकाही आवाज नाही.

"मॅडम, चालू हाय का?" तो ओरडला.

"चालू आहे. आणि ओरडू नका, आता ऐकू येतंय."

तेवढ्यात सोमनाथ धावत आला. "बंद पडलं का रे पुन्हा?" म्हणत त्यानं यंत्रावर तळवा ठेवला आणि दुसरा हात बटणाकडे नेला.

सुदर्शन मधे उभा राहिला. हात पाठीमागेच, छाती पुढे. "लावू नका हात!"

"अरे, आवाज कुठाय त्याचा?"

"आवाज नसतोच त्याला. मॅडमला विचारल्याबिगर नाय."

कानात कॅप्टनचा आवाज आला, "काय झालं खाली?"

"काय नाय मॅडम. यारीवर अजून एक माणूस आला व्हता."

सोमनाथ तिथेच उभा राहिला. ऐकत राहिला म्हणावं, तर ऐकायला काही नव्हतं. शेवटी त्यानं टोपी काढून घाम पुसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आयला." त्या जागी हळू आवाजात कुणी बोललं, हेच नवल.

प्रवासी चढले, दारं लागली, कॅप्टननी आपलं इंजिन पुन्हा सुरू केलं आणि मग म्हणाल्या, "सोड." सुदर्शननं बटण दाबलं, केबल काढली. विमान गेलं.

शनिवारी ट्रक आला, तेव्हा दुसऱ्याच कंपनीचं विमान उभं होतं. त्याच्या कॅप्टननी आपण होऊन विचारलं होतं, "नीचे वो पूछके छोड़नेवाले पडूळभाई हैं क्या? लगा दो, पीछेवाला बंद कर रहा हूँ."

ट्रकवाल्यानं यंत्राकडे बोट दाखवून सोमनाथला विचारलं, "हेच न्यायचं ना? बंदच दिसतंय."

"चालू आहे ते," सोमनाथ म्हणाला. "तू चहा पी अन् जा."