आधी तुमी घ्या

आमचे वडवणीचे शेजारी दत्तूतात्या कुणाच्याही घरचा चहा आधी पीत नसत. कप पुढे केला की म्हणायचे, "वैनी, आधी तुमी घ्या." कित्येक वर्षं माझ्या चहावर काही त्यांचा विश्वास बसला नाही. राग यायचा, हसूही यायचं. नवऱ्याचं डोक्याचं दुखणं लपवून सासरच्यांनी त्यांच्या बहिणीला करून नेलं होतं; तेव्हापासून तात्या ताकही फुंकून प्यायचे.

पुढे त्यांच्याच लेकीला, सुवर्णाला, विशीत तसलं दुखणं लागलं. सगळे आपल्यावर टपलेत असं तिला वाटायचं. औषधांनी ती सावरली, आणि दवाखान्याच्या रांगेत तिला नांदूरघाटचा महेश भेटला. तोही तिथलाच पेशंट. गोळ्यांची आठवण करायला दोघं फोन करत. मग फोन संपेचनात.

तात्यांना वास लागला. बैल बघायच्या निमित्तानं ते नांदूरघाटला चौकशीला गेले. सोयरिकीआधी आमच्याकडे असंच जातात. पारावर महेशच पुढे आला. "तात्या, बैल न्हाईत इकायचे. माझं काय ते मलाच इचारा. मला नसलेले आवाज ऐकू यायचे. गोळ्या चालू हायेत."

तात्या परतले ते जास्तच बिथरून. "इतकं खरं कोण बोलतंय, वैनी? जमिनीवर डोळा आसंल."

"लपवलं तरी संशय, सांगितलं तरी संशय. पोरानं करावं काय?" मी म्हणाले.

शेवटी दोघांना भेटायची परवानगी मिळाली, पण ओट्यावर, त्यांच्या डोळ्यांदेखत. बाजारच्या दिवशी महेश यायचा आणि तात्या दारात दुपारभर तीच सुपातली ज्वारी निवडत बसायचे.

मग दुखणं उलटलं. घरचेच विष घालतात म्हणून सुवर्णानं अन्नपाणी सोडलं, दवाखान्यालाही येईना. "आता बगा, कसं पळतंय पोरगं," तात्या म्हणाले.

महेश आला. ती त्याच्यावरही ओरडली, "तू बी त्यांच्यातलाच!"

"मी बी आईला आसंच म्हनलतो," तो शांतपणे म्हणाला. मी आणलेल्या चहाचा घोट आधी त्यानं घेतला, मग कप तिच्यापुढे धरला. बराच वेळ तसाच धरून बसला. अखेर ती प्यायली, आणि दवाखान्यात जायला उठली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

दुसरा कप महेशनं तात्यांना दिला. त्यांची सवय ठाऊक असल्यानं तो आधी घोट घेऊ लागला, तोच तात्यांनी कप त्याच्या हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या, पावनं," म्हणाले, आणि एका दमात पिऊन टाकला.