अक्काचं सांगायचं राहिलं

वडील जळकोटच्या शाळेत मास्तर होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अक्का माझी थोरली बहीण. तिच्या पाठीवर कोडाचा एक डाग होता, आणि तो आम्हा घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हता.

परसातल्या न्हाणीला दार नव्हतं, नुसता गोणपाटाचा पडदा. एका सकाळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि आईला हाका मारत त्यांनी पडदा सारला. आत अक्का होती.

"अगं बया! हे कवापासून गं?"

अक्कानं घाईनं लुगडं ओढून घेतलं. "काकू, पाया पडते. कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू, पोरी?" काकू म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या मनातही तसंच असावं. आमच्या दुखण्याखुपण्यात सगळ्यात आधी धावून यायच्या त्या.

तामलवाडीच्या एका घरी अक्काचं जमत आलं होतं. तिनं अण्णांना बजावलं होतं, "बघायला येतील तेव्हा डागाचं मीच सांगते. पटलं तर करतील, न्हाय तर न्हाय." अण्णांनी मान डोलावली होती.

ती मंडळी आलीच नाहीत. मुलाचे चुलते तेवढे आले. ओसरीवर टेकले, पण पाण्याला शिवले नाहीत.

"मास्तर, तुम्ही लपवलं. पोरीच्या अंगभर कोड हाय म्हणतेत."

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अंगभर न्हाय. एकच डाग हाय. आणि मी सांगणार होते."

त्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "आता काय उपेग," म्हणत उठले.

मग आडावर बायका तिचे हात, मान निरखू लागल्या. एकीनं आपली घागर बाजूला ओढून घेतली. अक्का भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं पोलकं घालू लागली.

काकू रडत आल्या. "तामलवाडीच्या बहिणीपाशी बोलून गेले गं. माझ्या पोटात राहिलं न्हाय."

अक्कानं त्यांना बसायला पाट दिला. शांतपणे म्हणाली, "काकू, ते माझं होतं."

अण्णांनी सुतार बोलावून न्हाणीला दार बसवून घेतलं.

त्यानंतर अक्का आपलं असं कुणाला काही सांगेनाशी झाली. ताप आला तरी कपाळाला हात लावू द्यायची नाही. पुढं ती मास्तरणीची परीक्षा पास झाली, तेही अण्णांना बाहेरून कळलं. आईनं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "एवढी आनंदाची गोष्ट, मला तरी सांगायचीस की गं."

अक्कानं गूळ तोंडात टाकला आणि आमच्याकडं पाठ करून भांडी घासायला बसली.