नानांसाठी ठेवलेली फाईल

आमच्या ऑफिसातली माणसं हल्ली नोकरी सोडून जात नाहीत. याचं सगळं श्रेय आमचे साहेब एका सॉफ्टवेअरला देतात. बाहेरून कोणी पाहुणे आले की पडद्यावर रंगीत तक्ते लावतात आणि काम किती लवकर उरकतं, माणसं कशी टिकतात ते समजावून सांगतात. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकते. साहेब खोटं बोलत नाहीत, हे मला कबूल आहे. पण त्या तक्त्यांत नाना कुठेच नसतात.

आधीचं सांगायला हवं. अंबडच्या एमआयडीसीत आमची कंपनी इलेक्ट्रिक पॅनेल बनवते आणि मी टेंडर विभागात आहे. सरकारी टेंडर म्हणजे पानंच पानं. प्रत्येक अटीसमोर आपण ती कशी पाळणार ते लिहायचं. पूर्वी हे सगळं मेलवर चालायचं. एकच फाईल प्रत्येकाकडे वेगळ्या अवतारात असायची. ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘हीच घ्या’, ‘खरंच हीच घ्या’, अशी नावं. शेवटच्या दिवशी कळायचं की एकाने कालचीच फाईल दुरुस्त केली आणि दुसऱ्याने परवाची. मग आरडाओरडा. रागाच्या भरात मी एकदा की-बोर्ड असा आपटला की त्याची एक कळ कायमची गेली. नवी मुलं काम शिकली की पळायची. निरोपाचे समोसे इतके खाल्ले की पुढे पुढे त्यांच्या वासानेच मळमळायचं.

मग त्या सॉफ्टवेअरवरची, सगळ्यांनी मिळून लिहायची फाईल आली. एकच फाईल, एकाच वेळी सगळे आत. कोण कुठल्या ओळीवर आहे ते दिसायचं, कारण प्रत्येकाची कर्सरची एक रंगीत उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर नाव. नानांनी पहिल्या दिवशी हात झटकले. “मी लिहिताना कोणी माझ्या डोक्यावर बसून बघणार? नाय जमायचं आपल्याला.” नाना आमच्यातले सगळ्यांत जुने. मूळचे येवल्याकडचे, घर सिडकोत. शेवटची तपासणी त्यांची असे. महिनाभरात ते त्या फाईलमध्ये असे रमले की विचारू नका. समासात त्यांच्या कॉमेंट यायच्या, “हे कुठून आणलं, महाराज?” नाहीतर, “घाई करू नका, गाडी सुटत नाय.” सगळ्यांना ते महाराजच म्हणत, मलासुद्धा.

भांडणं थांबली, हे खरं. उजेड असताना आम्ही घरी जायला लागलो, हेही खरं. आणि एक प्रथा पडली. निघायच्या आधी सगळ्यांनी फाईलच्या पहिल्या पानावर यायचं. नाना लिहायचे, “चला, उठा.” त्याखाली आम्ही एकेक जण काहीबाही लिहायचो, कोणी भाजी काय घ्यायची ते विचारायचं, कोणी साहेबांची नक्कल करायचं. मग सगळं पुसून टाकायचं आणि पर्स उचलायची. दोन टेबलं पलीकडे बसलेल्या माणसांशी असं लिहून बोलणं हा शुद्ध वेडेपणा होता, पण मला तो फार आवडायचा.

नानांचा आजार पोटाचा निघाला. मुंबई नाक्याच्या एका हॉस्पिटलात पोट उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं, एवढं सांगितलं की पुरे. साहेब मनाने वाईट नाहीत. म्हणाले, “घरून करू दे त्यांना. फाईल काय, कुठूनही उघडते.” पूर्वीच्या मेलच्या दिवसांत नानांना घरी बसवावं लागलं असतं. आता ते टिकले.

त्यांची रेघ जांभळी होती. सकाळी ती फाईलमध्ये उगवली की आम्ही सगळे खूश व्हायचो. पुढे पुढे मला तिची धास्ती बसली. एखाद्या वाक्याच्या मधोमध येऊन ती थांबायची आणि नुसती मिचमिचत राहायची. मी माझं काम सोडून तिच्याकडे बघत बसायची. झोप लागली असेल? कळ आली असेल? की काही झालंच? शेजारच्या माणसाला बरं वाटत नसेल तर आपण उठून पाणी देतो. इथे उठून जाणार कुठे? मग कधीतरी एक अक्षर पुढे पडायचं आणि मी पुन्हा माझ्या ओळीवर यायची. घरी पोळ्या लाटतानाही ती रेघ माझ्या डोळ्यांपुढे मिचमिचायची.

एके दिवशी नानांच्या बायकोचा फोन आला. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. “ताई, तुमच्या हातात असंल तर ह्यांचं नाव काढा त्या फायलीतून,” त्या म्हणाल्या. “जेवत नाय, गोळ्या घेत नाय. टेंडरची तारीख हाय म्हणतात. माझ्याकडं मान वर करून बघायला बी टाइम नाय. आता किती दिवस राहिलेत, ते तुम्हाला ठाऊक हाय ना?” त्याच दुपारी नानांचा फोन. वहिनींनी केलेला फोन त्यांनी आतल्या खोलीतून ऐकला होता. “काय बी झालं तरी नाव काढायचं नाय, महाराज. नाव काढलं की मी नुसता पेशंट.”

आता कोणाचं ऐकायचं? वाट काढली ती माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीने. आदल्या वर्षी एका सबस्टेशनचं टेंडर आम्ही भरलं होतं आणि ते आमच्या हातून गेलं होतं. त्याची एक प्रत काढायची, वरची तारीख बदलायची, उत्तरं अर्धी कोरी करायची आणि नानांना सांगायचं की आता फक्त हेच बघा, काम मोठं आहे, पण भरायला भरपूर अवकाश आहे. तारीख लांब म्हटल्यावर ते निवांत जेवतील, झोपतील. वहिनींना मी कळवलं की नानांचं काम कमी केलं आहे.

पण त्या फाईलमध्ये नाना एकटेच दिसले असते तर त्यांना संशय आला असता. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. दुपारचे डबे झाले की दोघं-तिघं तिथे जायचो आणि लिहायचो. ते सबस्टेशन एव्हाना दुसऱ्याच कोणाच्या पॅनेलवर सुरूही झालं असेल, आणि आम्ही मन लावून सांगत होतो की ते आम्ही कसं उभारू. नाना कॉमेंट टाकायचे, आम्ही दुरुस्त्या करायचो. संध्याकाळी “चला, उठा” तिथेच व्हायचं. साहेबांना सगळं माहीत होतं. मिनिटामिनिटाचा हिशेब मागणारा तो माणूस एकदा माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला, पडद्याकडे पाहिलं आणि न बोलता निघून गेला. कधीकधी मला या सगळ्याचा संताप यायचा. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडून यायची आणि पुन्हा त्या आपल्या नसलेल्या सबस्टेशनात शिरायची.

असेच दिवस चालले असताना नानांचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.

“महाराज, हे टेंडर आपण गेल्या वर्षी घालवलं.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“पहिल्याच पानावर ओळखलं मी. निम्म्या चुका तर माझ्याच हायेत त्यात.” ते हसले, मग बराच वेळ खोकले. “बंद नका करू पण. घरात समदे माझ्याकडं कसं बघतात, काय सांगू तुम्हाला. तिथं कोणी तसं बघत नाय. आणि हिला सांगू नका. कंपनीचं माझ्यावाचून अडतं असं वाटतं तिला. वाटू द्या.”

मी बरं म्हटलं. त्याच सुमारास मला पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं होतं. पद मोठं, काम आवडीचं. मी नकार कळवला. साहेबांच्या तक्त्यात टिकलेल्या माणसांमध्ये मीही मोजली गेले असणार.

नाना गेले ते एका सकाळी, चहाच्या वेळेला. आम्ही सगळे अमरधामला गेलो आणि परत येऊन आपापल्या जागी बसलो. त्या फाईलमध्ये जायचं धाडस कोणाला झालं नाही. तिचं नावही कोणी काढलं नाही. कंपनीचा लॅपटॉप तेराव्यानंतर आणू, आत्ता त्या घरात कसला लॅपटॉप मागायचा, असं साहेब म्हणाले.

तेरावं झालं. त्यानंतरच्या एका दुपारी मी ठरवलं की ती फाईल काढून टाकायची. यादीत तिचं नाव रोज दिसायचं आणि माझं कामात लक्ष लागायचं नाही. एकदा शेवटचं बघावं म्हणून मी ती उघडली.

आत नाना होते. पहिल्या पानावर जांभळी रेघ, तिच्या डोक्यावर त्यांचं नाव, आणि ती मिचमिचत होती.

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसते. पण त्या क्षणी मी पडद्यापासून खुर्ची मागे ढकलली. मग रेघ हलली. एक अक्षर उमटलं. खूप वेळाने दुसरं. एका बोटाने, कळ शोधत शोधत कोणीतरी लिहीत होतं.

“मी ह्यांच्याजवळ बसून रोज बघत होते. आज कोणी येणार नाय का?”

मी उठून सगळ्यांना हलक्या आवाजात सांगितलं. एकेकाचं नाव पहिल्या पानावर येत गेलं, साहेबांचंसुद्धा. सगळ्यांच्या रेघा तिथे नुसत्या उभ्या. शेवटी मीच लिहिलं, “आलोय, वहिनी.”

जांभळी रेघ माझ्या ओळीखाली आली. मग सावकाश एकेक अक्षर पडत गेलं.

“जेवले का सगळे?”