टोळीसमोर वाचायचं पत्र

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी राणीसावरगावात सातवीला मराठी शिकवत होते. म्हणजे माझी आपली तशी समजूत! परभणीहून नवीकोरी पदविका घेऊन आलेली, पदर खांद्यावर पिनेनं टाचलेला, आणि पत्रलेखन म्हणजे काय ते अख्ख्या तालुक्यात मला एकटीलाच कळलेलं. वडिलांना 'तीर्थरूप', साहेबांना 'महोदय', मित्राला 'प्रिय'. मायना बदलला की झालं पत्र. पोरं बिचारी माना डोलवायची.

वर्गात एक मुलगी होती. दिवाळीनंतर तिचे आईबाप टोळीबरोबर ऊस तोडायला गेले, ती आजीजवळ राहिली. पौषात निरोप आला. आई तिकडंच बाळंत झालीय, बाळाला सांभाळायला पोरीला धाडून द्या. संक्रांतीनंतर मुकादमाची गाडी गावात येणार होती, तिच्यात बसवा. परीक्षा तर उन्हाळ्याच्या तोंडावर. ती आता गेली की सातवी गेली, आणि अशी गेलेली पोरगी पुन्हा वर्गात बसलेली त्या गावात कुणी पाहिली नव्हती.

"रडू नको. मीच लिहिते तुझ्या वडिलांना," मी म्हणाले. ती रडत नव्हतीच, पण मला तसं म्हणायचं होतं.

दोन पानं लिहिली. त्यात ज्ञानाचा दिवा होता, अज्ञानाचा अंधार होता, राष्ट्राची प्रगती होती. पोरीनं वेणीचं टोक चावत सगळं वाचलं.

"लय भारी हाय, बाई. पण हे ऐकणार कोण?"

"तुझे वडील. दुसरं कोण?"

"बाला वाचता येत न्हाई. मुकादममामा वाचतेत. सांजच्याला पाचटाच्या कोप्यांम्होरं समदी टोळी बसती, कुणाचंबी पत्र असू द्या. हे असं वाचलं तर बा उठून बैलाला पाणी दावायला जाईल. चार माणसांत बाई आपल्याला शिकवायलीय म्हनल्यावर काय करंल?"

"मग तूच लिही की शहाणे!" मी फणकारले. अशी मी गुणाची.

तिनं खरंच लिहिलं. एका पोस्टकार्डावर, बारीक अक्षरात. मायना होता, तेवढीच माझी शिकवण. पुढं शेजारच्या काकूची शेळी व्याली होती, कुणाच्या पोराचा ताप उतरला होता. टोळीतल्या प्रत्येक घराला एकेक ओळ. मी म्हटलं, "अगं, मुद्द्याचं कधी लिहिणार?" ती म्हणाली, "थांबा की बाई. आपल्या घरचं आल्याबगर कोण कान देतंय?"

मग मुद्दा आला. 'बाळाला बघाया आजी येती. ती माझ्याहून चांगली निजवती. मी हितं गावात मुकादममामाच्या आईजवळ निजत जाईन. तिला रातचा खोकला हाय, तिलाबी सोबत होईल. मामाला पटलं तर तुमी हो म्हना.' हे मामानंच वाचायचं, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं! मी कार्ड हातात धरून बघतच राहिले. बारा-तेरा वर्षांची पोर, आणि त्या तळहाताएवढ्या कागदावर तिनं अख्खी टोळी जागच्या जागी बसवली होती.

शेवटची ओळ आईसाठी होती. 'माय, मी शिकले की तुजं पत्र तुज्या कानात वाचीन. मोठ्यानं न्हाई.'

माझी दोन पानं मी घडी करून पर्समध्ये सरकवली. ते कार्ड मी स्वतः पेटीत टाकलं, आणि पडलं की नाही ते बघायला पेटीच्या फटीत डोळा लावला. पोस्टमन हसला असेल, हसू दे.

गाडी आली त्या सकाळी मी शाळेची घंटा सोडून पाराशी उभी. आजी आणि नात, दोघींची गाठोडी बांधलेली. कुणाचं गाडीत चढणार ते गाडीतल्या माणसालाच ठाऊक. ड्रायव्हरशेजारून टोळीतला एक म्हातारा उतरला. तंबाखू मळत म्हणाला, "म्हातारीला चढवा. पोरगी राहू द्या म्हनलाय तिचा बा."

मी खांद्यावरची पिन उगाच काढून पुन्हा टाचली. आजी मात्र तयारीची. गाडीवर चढताना माझ्याकडं वळली. "बाई, शिकायचं हिनं अन् पाचटाच्या कोपीत ऱ्हायचं म्या! बरी तुमची शाळा!"

सगळे हसले. पोरगी हसली नाही. तिनं म्हाताऱ्याची बाही धरली.

"काका, पत्र वाचायलते तवा माय काय करायलती?"

"सैपाक करायलती." तो आठवत राहिला. "मामा वाचाया लागला तसा चुलीतला जाळ मागं वढला तिनं. लाकडं तडतडायलती न्हवं, ऐकू येईना. भाकर तव्यावर तशीच कच्ची."

पोरीनं गाठोडं काखेत मारलं आणि मुकादमाच्या आईच्या घराकडं चालू लागली. मी तिच्या मागं दोन पावलं, मास्तरीण नव्हे, कुणीतरी नवशिकी असल्यासारखी.