पूर्ण झालेल्या उद्दिष्टाचं कुलूप

डेपोत तिला सगळे जमदग्नीबाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण तिचे कान असे तिखट की इंजिन घरघरत असतानाही शेवटच्या सीटवरची कुजबुज तिला पोचते. त्यामुळे तोंडावर म्हटल्यासारखंच. ती शहराची बस चालवते. वडील ट्रकवर होते, त्यामुळे पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी ती गिअर टाकायला शिकली. नवरा औषधाच्या दुकानात कामाला. त्याचा आवाज इतका मऊ की गिऱ्हाईक गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची हे दोनदा विचारतं. घरातला आवाजाचा सगळा कोटा बाईनंच उचललेला.

कुणी दुचाकीवाला आडवा आला की ती खिडकीतून अर्धी बाहेर येते. "काय रे राजा, रस्ता तुझ्या काकानं आंदण दिलाय का?" दुचाकीवाला पुढच्या चौकापर्यंत मागे वळून बघत जातो.

पण हा राग वरवरचा. इंजिनावर ठेवलेल्या भांड्यासारखा, तापतो आणि निवतो. खरा राग वेगळाच होता, आणि तो शेवटच्या थांब्यावरचा होता.

शेवटच्या थांब्यावर बस वळते, थोडी विसावते. तिथे एक लांबलचक भिंत आहे. पुरुष ड्रायव्हर उतरतात, भिंतीमागे जातात, शीळ घालत परत येतात. बायकांनी काय करायचं? बायकांनी सकाळपासून पाणी प्यायचं नाही. जमदग्नीबाईनं तेच केलं, वर्षानुवर्षं. मग एकदा ताप चढला, कंबर धरली, दवाखाना झाला. मग परत झाला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला, म्हणजे गंभीर बोलायचं असलं की त्या काढतात तसा.

"आता पुन्हा झालं तर किडनीवर जाईल. आणि तुमच्या डेपोचा डॉक्टर तुम्हाला स्टिअरिंगला हात लावू देणार नाही. भरपूर पाणी प्या."

"पिते. आणि मग जाऊ कुठं? तुमच्याकडे येऊ, बस घेऊन?"

वाईट याचं की शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह होतं. बायकांचं, नवंकोरं, गुलाबी फरशीचं. नगरपालिका दर वर्षी शहराची उद्दिष्टं ठरवते, आणि गेल्या वर्षीच्या उद्दिष्टांत हे होतं. बांधलं, फीत कापली, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी दाराला मुठीएवढं कुलूप.

ती नगरपालिकेत गेली. तिथल्या अभियंत्याला प्रत्येक वाक्याला 'तत्त्वतः' लावायची खोड.

"कुलूप का आहे साहेब?"

"तत्त्वतः ते खुलंच आहे ताई."

"दार बंद आहे."

"बंद म्हणजे... हे बघा, बांधण्याचं उद्दिष्ट पूर्ण झालं. वापरण्याचं उद्दिष्ट आपण अजून घेतलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या प्राधान्यक्रमात तत्त्वतः येऊ शकतं. सुचवा ना तुम्ही!" मग त्यानं आवाज खाली आणला, घरचं गुपित सांगावं तसा. "आणि खरं सांगू का, आज ते शंभर टक्के स्वच्छ आहे. शहरातलं एकमेव. उघडलं की आकडा घसरणार."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिनं चपाती लाटता लाटता अभियंता जसाच्या तसा उभा केला. लाटणं पेनासारखं धरलं, मान तिरकी केली. "तत्त्वतः चपाती झालेली आहे. खाण्याचं उद्दिष्ट आपण अजून घेतलेलं नाही." मुलगी हसून हसून गडबडा लोळली. नवरा हळूच म्हणाला, "मग सुचव की."

तिनं सुचवलं. अर्ज केला, पोच घेतली. मग एक दिवस डेपोच्या फळ्यावर तिची खास ड्यूटी लागली. नवी उद्दिष्टं ठरवण्याआधी नगरपालिकेची सगळी मंडळी एका बसमधून गेल्या वर्षीची पूर्ण झालेली उद्दिष्टं बघत फिरणार होती, आणि ती बस जमदग्नीबाई चालवणार होती.

"आता हातात सापडलेत," ती म्हणाली.

बसमध्ये पुढे नगराध्यक्ष. त्यांच्या शेजारी अभियंता. मागे बाकीचे नगरसेवक. मधल्या सीटवर आलेल्यांतल्या एकट्याच नगरसेविका, निवृत्त मुख्याध्यापिका, पर्स मांडीवर, पाठ ताठ. आणि बाहेरून मागवलेला एक सल्लागार, हातात माइक, तोंडात साखर.

"छान! खूप छान! आता सगळ्यांनी डोळे मिटायचे. पुढच्या वर्षीचं आपलं शहर बघायचं. दिसतंय का?"

"दिसतंय," नगराध्यक्ष डोळे मिटून म्हणाले.

जमदग्नीबाईनं गतिरोधक जरा जोरात घेतला. सगळ्यांना चालू वर्षीचंच शहर दिसलं.

पहिलं उद्दिष्ट बाग. कारंजं, टाळ्या, चहा. दुसरं उद्दिष्ट वाचनालय. टाळ्या, चहा, वर थंड पाण्याच्या बाटल्या. तिसरं उद्दिष्ट वृद्धांचा कट्टा. तिथे वृद्ध कुणी नव्हतं, चहा मात्र होता. जमदग्नीबाई आरशातून बघत होती. कप रिकामे होत होते, बाटल्या रिकाम्या होत होत्या. कट्ट्यानंतर तिनं गाडी खड्ड्यांच्या रस्त्यानं घेतली. एरवी ती तो टाळते.

मुख्याध्यापिका बाई दांडे धरत धरत पुढे आल्या आणि वाकून कुजबुजल्या, "अहो, मध्ये कुठे... थांबता येईल का?"

"पुढचंच उद्दिष्ट तुमच्या कामाचं आहे बाई. पूर्ण झालेलं."

शेवटचा थांबा आला. बाई सगळ्यांच्या आधी उतरल्या, आणि कुलपासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"किल्ली?"

अभियंत्यानं खिसे चाचपले, जणू किल्ली तिथं असू शकत होती. "किल्ली तत्त्वतः भांडार विभागात असते."

"मग मागवा."

"भांडारप्रमुख रजेवर आहेत."

जमदग्नीबाई हाताची घडी घालून बघत होती. याच क्षणासाठी तिनं इतका वेळ ब्रेक आणि खड्डे जपून वापरले होते. आता कळेल यांना, आता बसतील पाय आवळून. आणि तेवढ्यात नगराध्यक्षांनी इकडे तिकडे पाहिलं, भिंत पाहिली, आणि शांतपणे भिंतीमागे गेले. त्यांच्यामागे अभियंता. त्याच्यामागे बाकीचे नगरसेवक, ओळीनं. सल्लागारसुद्धा माइक सीटवर ठेवून गेला.

तिचा सगळा बेत भिंतीमागे वाहून गेला. भिंत होतीच की! रोज डोळ्यांसमोर असून ती आज नेमकी विसरली होती.

नगराध्यक्ष परत आले. बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, रुमालानं एकेक बोट पुसलं. "हं, तर कुठं होतो आपण? महिला सक्षमीकरण."

"छान! खूप छान!" सल्लागार म्हणाला.

"मला जायचंय," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. कुजबुजत नाही, मोठ्यानं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"बाई, थोडी कळ काढा. सभागृहात सोय आहे. लगेच पोचतोय."

"कळ काढा?" जमदग्नीबाई बोलली, आणि थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. "कोणाला सांगताय? आम्ही कळ काढतोय म्हणून तुमचं शहर चालतंय! कळ काढून गाडी चालवतो, कळ काढून तिकिटं फाडतो, कळ काढून भाजी विकतो. डॉक्टरीण म्हणते पाणी पी, नाहीतर नोकरी जाईल. तुम्ही म्हणता आकडा घसरेल. माझी किडनी घसरली तर ती कुठल्या वर्षी घेणार? यादीत नंबर कितवा?"

"हे व्यासपीठ नव्हे ताई," नगराध्यक्ष म्हणाले. "तुमची सूचना आलीये. ती आपण 'आनंदी शहर' या व्यापक उद्दिष्टात सामावून घेतलेली आहे."

सामावून घेतलेली! ती वळली, बसच्या पोटातून टायर खोलायचा लोखंडी पाना काढला आणि दाराकडे निघाली.

"ए, ए! सार्वजनिक मालमत्ता!" अभियंता आडवा आला. "तत्त्वतः हा गुन्हा आहे!"

"बाजूला व्हा," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. कित्येक वर्षं वर्ग गप्प करणारा तो आवाज होता. अभियंता आपोआप बाजूला झाला आणि त्यानं हातसुद्धा मागे बांधले. "तोडा हो तुम्ही. मी सांगतेय. माझं नाव लिहा."

कुलूप तुटलं नाही. कुलूप फार भारी होतं. दुसऱ्या घावाला लाकडातून कडीकोयंडाच उखडून आला, खिळ्यांसकट, आणि दाराला तिथे वाटीएवढं भोक पडलं. आत संडासाच्या भांड्यावर अजून प्लॅस्टिक होतं. नळाला पाणी नव्हतं. नळजोडणी बहुधा अजून एखादं उद्दिष्ट असावं. जमदग्नीबाईनं बसमधलं बाटल्यांचं खोकं उचलून दारात आपटलं. सल्लागार "ते पाहुण्यांसाठी..." म्हणाला आणि तिच्याकडे बघून मागे सरकला.

बाई आत गेल्या. त्या बाहेर येईपर्यंत दारात थांब्यावरच्या दुसऱ्या बसची कंडक्टर पोरगी उभी होती. तिच्यामागे फळवाली, फळवालीमागे सुनेचा हात धरलेली एक सासू. थांब्यावर इतक्या बायका होत्या हे आतापर्यंत कुणाला दिसलं नव्हतं.

नगराध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "चला, गाडी सुरू करा. सभागृहात लोक खोळंबलेत."

"रांग आहे."

"मी उद्या तुम्हाला घरी बसवीन, कळतंय का?"

"बसवा. घरी कुलूप नाहीये."

अभियंता दारातल्या भोकाकडे बघत होता. चेहरा असा पडलेला, जणू त्याचंच कुणी गेलं. "आता इथं कुलूप बसणारच नाही साहेब. नवीन दार लागेल. आणि दार तत्त्वतः या वर्षीच्या उद्दिष्टांत नाही."

"पुढच्या वर्षी?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"सुचवावं लागेल कुणीतरी."

"मी विरोध करीन," मुख्याध्यापिका बाई ओल्या हातांनी पर्स बंद करत म्हणाल्या. "दर वर्षी करीन."

रांग पुढे सरकत होती. सासू आत गेली, मग सून गेली. मंडळी एकेक करून उन्हात तापलेल्या बसमध्ये जाऊन बसली. माइक बंद होता, टाळ्या नव्हत्या. बसची किल्ली जमदग्नीबाईच्या मुठीत होती आणि ती रांगेत सगळ्यात शेवटी उभी होती, रागानं कान अजून लाल. उद्या मेमो येणार हे तिला माहीत होतं.

तिचा नंबर आला. ती आत गेली. आतली कडी शाबूत होती, ती तिनं लावली.

"अजून किती वेळ?" बाहेरून नगराध्यक्ष ओरडले.

आयुष्यभर ती घाईघाईनं उरकत आली होती. आज तिला घाई नव्हती.