डाव्या कोपऱ्याची पकड

केनवडच्या बाजारात वांगी निवडता निवडता मी चपलेसकट भाजीवाल्या आजोबांच्या पोत्यावर पाय ठेवला. पोतं म्हणजे त्यांचं दुकान, तिथं चप्पल चालत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आजोबा ओरडले नाहीत. खालून फक्त एक हात आला, त्यानं माझा घोटा धरला आणि मी टमाट्यांत बसलो.

"माफ करा साहेब," ऐंशीच्या पुढचे ते आजोबा म्हणाले, पण घोटा सोडेनात. "तरणेपणी कबड्डीत डावा कोपरा माह्याकडं होता. वीस वर्सं! रेषेच्या आत पाय दिसला का हात आपोआप जाते."

मग टमाटे पुसत त्यांनी मानोऱ्याचे, मेडशीचे सामने सांगितले. खेळाडूंची नावं मात्र एकही आठवेना. "तोंडं मी पाह्यलीच नाई. पाय दाखवा, अजून ओळखतो."

शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबाचा आज शेवटचा बाजार. हातातून तराजू सुटते, आता घरीच बसवतो."

आजोबांनी माझ्या घोट्यावर उठलेले बोटांचे वळ त्याला दाखवले. "हे सुटलं का रे?"

मुलगा हसला आणि तराजू उचलून पिशवीत भरू लागला.

घरी बायकोनं मी विकत घेतलेले चिरडलेले टमाटे पाहिले, वळही पाहिले आणि सगळी हकीकत ऐकली. म्हणाली, "पुढच्या बाजारी हाच पाय घेऊन जा. नव्वद किलोचा माणूस एका हातानं पाडला, असं सांगा त्या पोराले. मी येतो साक्षीले."