कमलाबाईच्या गाडीचा सायलेन्सर

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साचतात. एक जळकं ऑइल आणि दुसरे किस्से. ऑइल निदान बैलगाडीच्या चाकाला लावायला कोणीतरी मागून नेतं. किस्से मात्र लोक ऐकतात, हसतात आणि इथंच टाकून जातात! शेलूबाजारला हमरस्त्यावर हबीब वस्तादचं गॅरेज होतं. तिथं मी वेल्डिंग करायचो. एसटीतून रिटायर झालेले देवराव ड्रायव्हर सकाळच्या चहाला यायचे ते संध्याकाळीच घरी जायचे. आम्हा तिघांजवळ जीपचे, ट्रकचे, ट्रॅक्टरचे किस्से पोत्यानं पडलेत, पण त्यांना गिऱ्हाईक नाही. जो तो मागतो कमलाबाईच्या गाडीचेच. घ्या बाप्पा!

*

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. कमलाबाई म्हणजे आमच्या गावातल्या मोठ्या शेताच्या मालकीण. वय पन्नाशीच्या आत, नवरा वारलेला. नवरा शौकीन माणूस होता. त्यानं कोण्या राजेसाहेबाकडून एक लाल विलायती गाडी आणली होती. दोनच सीटा, वर टप नाही, नाक हे एवढं लांब! त्याच गाडीवर त्यानं बाईला ड्रायव्हिंग शिकवलं आणि तो गेल्यावर बाई त्याच गाडीनं रोज सहा मैलांवरच्या शेतावर जायच्या.

हे खटकायचं बाईचे दीर माधवराव यांना. बैल, त्यांना जुंपायची दमणी, गडीमाणसं सगळं त्यांच्या ताब्यात. एकटी गाडी तेवढी बाईच्या हातात. गाडी बंद झाली की बाईचं शेतावर जाणं बंद, आणि ते बंद झालं की शेत माधवरावांच्या हातात. इतका सरळ हिशेब होता.

अशात त्या गाडीचा सायलेन्सर सडून फुटला. गाडी सुरू केली की गावातली कुत्री पळायची. माधवरावांना तेच पाहिजे होतं. बैल बुजतात म्हणून त्यांनी अर्ज ठोकला आणि गाड्या तपासणाऱ्या साहेबानं बाईला कागद पाठवला, महिन्याभरात आवाज बंद करा, नाहीतर गाडी रस्त्यावर आणू नका.

बाईनं तो कागद वस्तादच्या पुढ्यात ठेवला.

"वस्ताद, माह्यावाला आवाज बंद करनं काही भाऊजीले जमलं नाही. म्हनून आता गाडीच्या आवाजावर आले!"

*

त्या गाडीचा सायलेन्सर मिळायचा तर विलायतेत. आमी बाईला घेऊन गेलो जवळच्या मालेगावला, नेमीचंदजींच्या स्पेअरपार्टच्या दुकानात. जैन माणूस, गोड बोलणं, आणि धंद्याचा एक नियम, गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. ट्रॅक्टरचं बेअरिंग मागा, नसलं तर ते पिठाच्या गिरणीचं दाखवतील, पण 'नाही' म्हणणार नाहीत!

बाईनं सांगितलं तसा नेमीचंदजींनी माळ्यावरून एक सायलेन्सर काढला, धोतरानं पुसला आणि काउंटरवर ठेवला.

बाई म्हणाल्या, "हा तं जीपचा दिसते."

"जीपचाच हाये, बाई."

"माही गाडी जीप हाये काय?"

नेमीचंदजी अजिबात डगमगले नाहीत. म्हणाले, "आज नाही. लावल्यावर पाहा ना!"

*

लावला. दुसरं करणार काय? दिवस मोजून होते. आवाजही बरा झाला. पण जीप असते उंच आणि ही गाडी इतकी बुटकी, की उभ्या माणसाला तिच्या सीटवर काय ठेवलं ते सगळं दिसायचं. जीपचा सायलेन्सर खाली लोंबायला लागला.

बाजाराचा दिवस होता. बाई शेतावरून येत होत्या आणि पांदणीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या. मधल्या उंचवट्यानं सायलेन्सर उपटला. गाडीनं एकदम असा आवाज केला की भाजीवाल्या उभ्या राहिल्या. बाई काही थांबल्या नाहीत. मान ताठ, चाळिसाच्या स्पीडनं भर बाजारातून तशाच गॅरेजात!

थोड्या वेळानं मागून एक गाडीवान आला. त्यानं तो सायलेन्सर कडब्यावर नीट झोपवून आणला होता. खाली उतरून वस्तादला हळूच म्हणतो, "बाईच्या गाडीचं आतडं पडलं व्हतं जी. जिता हाये काय पाहा."

*

दुसऱ्या दिवशी माधवराव स्वतः गॅरेजात आले. आवाज उतरवून, लय आपलेपणानं बोलायला लागले.

"वस्ताद, कायले त्रास करून घेता? सांगून द्या वहिनीले, जमत नाही म्हनून. काम खतम."

हबीब वस्ताद हातातला पाना खाली न ठेवता म्हणाला, "माधवराव, माझ्या बापापासून या गॅरेजातून एक गाडी 'जमत नाही' म्हनून वापस गेली नाही. तुमच्यापासून सुरू करू काय?"

"तसं नाही हो. पन बाईमानूस, तेही विधवा, उघड्या गाडीत! पदर उडते, लोक पाह्यते. घरान्याची काही इज्जत हाये का नाही?"

तेवढ्यात उभ्या ट्रकच्या पलीकडून कमलाबाई पुढं आल्या. आमी माधवरावांना सांगितलं नव्हतं, पण त्या घंटाभरापासून तिथंच खोक्यावर बसून होत्या.

"पदर पिनेनं पक्का लावला हाये, भाऊजी. आजवर लोकायचीच तोंडं उघडी राह्यली, माहा पदर नाही. बसा, चहा घेऊन जा."

माधवराव चहा न घेताच गेले. त्यांचा चहा देवराव प्याले.

*

मग वस्तादनं ऑइल इंजिनाचा सायलेन्सर लावून पाहिला. तोच, विहिरीवर पाणी उपसायच्या इंजिनाला असतो तो. बसला छान, वरच्या वर राहिला, लोंबला नाही. पण गाडीचा सूरच बदलला! टुक-टुक-टुक-टुक. डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, कुठंतरी हरभऱ्याला पाणी चालू आहे.

बाई शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाडी चालू ठेवून मजुरांशी बोलत होत्या. बाजूच्या वावरातला शंकर फावडं घेऊन धावत सुटला. त्यानं चांगले तीन वाफे फोडले, दांड मोकळा केला आणि पाण्याची वाट पाहत उभा राहिला. पाणी येईना. शेवटी वैतागून बांधावर आला.

"इंजिन तं चालू हाये. पानी कुठी मुरून राह्यलं बाप्पा?"

बाईनं गाडी बंद केली. शंकरनं गाडीकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं, फावड्याकडं पाहिलं. आणि काय म्हणावं त्यानं?

"मंग या इंजिनाचा पाइप कोन्या विहिरीत सोडला तुमी?"

तो सायलेन्सर संध्याकाळच्या आत काढला. रोज कोणाचे वाफे फोडायला लावायचे!

*

देवरावांचं मत होतं, आवाज मारायचा तर ट्रकचाच सायलेन्सर पाहिजे. चांगला चार हात लांब, जाडजूड. तो लावला आणि खरंच, गाडी चिडीचूप झाली. देवराव मिशीला पीळ देत बाईच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले. ट्रायल मारायला म्हणून दोघं शेताच्या वाटेवरच्या चढापर्यंत गेले.

चढावर गाडीचा दमच कोंडला. धूर मोकळा निघेना, इंजिन ओढेना. अर्ध्या चढावर गाडी थांबली. देवरावांना खाली उतरून मागून रेटावं लागलं. परत आले तेव्हा चेहरा लालेलाल.

मी म्हटलं, "काय देवराव, एसटीत सवय होतीच ना तुमाले?"

भडकलेच! "एसटीले पाशिंजर ढकलते! ड्रायव्हर नाही!"

वस्तादनं विचारलं, "बाई, आवाज तं बंद झाला ना? राहू द्याचा काय? साहेब पास करन."

खरं सांगतो, त्या वेळी आमी तिघंही थकलो होतो. बाईनं 'राहू द्या' म्हटलं असतं तर बरंच वाटलं असतं. पण बाई जोरात म्हणाल्या, "साहेबाले दाखवासाठी गाडी नाही ठेवली मी. मले शेतावर जायचं हाये, चढ चढून. मुकी गाडी नाही पाह्यजे वस्ताद, शहानी पाह्यजे!"

*

आता जो किस्सा सांगतो त्यात गाढव मीच आहे, म्हणून लवकर उरकतो.

वस्ताद म्हणाला, आपणच बनवू. आत भोकं पाडलेली सरळ नळी, म्हणजे धूर मोकळा निघन. बाहेरून पत्र्याचं डबडं, आणि दोन्हीच्या मधात काहीतरी ठासून भरायचं, म्हणजे आवाज त्यात जिरन. डिझाइन अव्वल. वस्ताद जेवायला गेला आणि जाताना मला म्हणाला, "भरून ठेव."

काय भरायचं ते तो बोलला नाही. आणि वऱ्हाडातल्या माणसाला काही ठासून भरायला सांगितलं, तर त्याचा हात कशाकडं जाईन? मी देवरावांना विचारलं. देवराव म्हणाले, "विचारायचं काय त्याच्यात?" समोरच्या जिनिंगमधून मागच्या हंगामातला, सरकी काढलेला, बगळ्यासारखा पांढरा कापूस आणला. दोघांनी मिळून दांड्यानं असा ठासला, अशी गादी कोणा नवरीच्याही नशिबी नसन! वरून मी वेल्डिंग मारलं.

वेल्डिंग मारतानाच धूर यायला लागला. आमाले वाटलं, पत्र्यावरचं ऑइल जळत असन. बाईनं गाडी सुरू केली. पाच मिनिटं इतका गोड आवाज की आमी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. मग मागून पांढरा धूर, मग पिवळा, मग एक ज्वाळ निघाली, हातभर! वस्ताद घास तोंडात घेऊन धावत आला आणि पाण्याचं अख्खं पिंप गाडीवर ओतलं.

मला चार शिव्या बसल्या. त्या मी विसरलो. बाईचं बोलणं विसरलो नाही. पदरानं डोळ्यातला धूर पुसत म्हणाल्या, "कापसाले भाव नाही तं नाही, तुमी जाळून टाकता काय?"

दुसऱ्या दिवशी मी लेथवाल्याकडून लोखंडाचा कीस आणला आणि तोंड बंद ठेवून भरला.

*

महिना संपला. साहेब आले ते गॅरेजातच आले, कारण गाडी तिथंच होती. माधवराव दोन माणसं घेऊन हजर. सगळं गाव रस्त्याच्या कडंला. नापास झाली असती तर दुसऱ्या दिवसापासून बाई घरात आणि शेताच्या चाव्या माधवरावांच्या कडोसरीला.

बाईनं पदराची पिन तपासली, गाडीत बसल्या, स्टार्टर मारला. पोट भरलेली मांजर चुलीजवळ घुरघुरते ना, तेवढाच आवाज. साहेबांनी वाकून ऐकलं, मागं जाऊन ऐकलं, पूर्ण रेस द्यायला लावली. चढावर नेऊन आणली. खाली उतरल्यावर वस्तादला म्हणाले, "कुठून मागवला?"

वस्ताद म्हणाला, "इथंच बनवला, साहेब."

साहेब कागदावर लिहायला लागले. लिहिता लिहिता रिवाजाप्रमाणं विचारलं, "अर्जदाराचं काही म्हणणं?"

माधवरावांचा चेहरा उतरला होता, पण गडी हार मानणाऱ्यातला नव्हता. त्यांना एकदम सुचलं.

"हाये ना साहेब! आता तं या गाडीचा आवाजच येत नाही! माह्यं घर बरोबर वळनावर हाये. गाडी कवा आंगावर येईन, कोनाले समजन? लेकरंबाकरं रस्त्यावर असते. धोका हाये साहेब, मोठा धोका!"

साहेबांनी पेन थांबवला. विचार केला.

"मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले.

माधवराव हसले. साहेबांनी खाली आणखी दोन ओळी लिहिल्या आणि मोठ्यानं वाचून दाखवल्या. गाडी पास. मात्र अर्जदाराच्या विनंतीवरून, अर्जदाराच्या घरासमोरून जाताना आणि येताना, प्रत्येक वेळी मोठ्यानं हॉर्न वाजवणं सक्तीचं राहील. मग कागद माधवरावांपुढं सरकवला. इतक्या लोकांसमोर काय करतात? सही केली.

साहेबांची जीप दिसेनाशी झाल्यावर बाई देवरावांकडं वळल्या.

"देवरावजी, एसटीचा हॉर्न या गाडीले बसते काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवराव तोंडात दातून घेऊन ओट्यावर उभे होते, तेव्हा लाल गाडी वळणावर आली. हॉर्न पार बाजाराच्या टोकापर्यंत ऐकू आला. बाईनं गाडी थांबवली, कागद उघडून सहीवर बोट ठेवलं, "नियम हाये, भाऊजी," म्हणाल्या आणि गिअर टाकला.

त्या दिवशी बाईच्या शेतावर पाच खेपा झाल्या. आणि खेपा वाढतात त्या कापूस वेचणीला, तिला अजून महिना बाकी होता!